मुरुमचा समुद्र आणि तेरा-शून्य-पंचेचाळीस

आमच्या मुरुमहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र लागायला चारशे किलोमीटर तरी जावं लागतं. तरीही गेल्या वर्षी गणपती उठल्यावर तीनशे लिटर समुद्र माझ्या हॉलमध्ये येऊन बसला. सोलापूरच्या एका ओळखीच्या इंजिनियरची गुवाहाटीला बदली झाली. त्याला तो नेता येईना आणि मला तो सोडवेना, एवढंच कारण. चार फुटी काचेची टाकी, खारं पाणी, भोकाभोकांचे दगड, दोन नारिंगी मासे आणि दगडांवर वाढलेले मऊ प्रवाळ. त्यातल्या एका प्रवाळावर माझा फार जीव. त्याला बोटांएवढे शेकडो हात होते आणि ते दिवसभर टाळ्या वाजवल्यासारखे सावकाश उघडमीट करायचे. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण इतक्या तन्मयतेनं काम करणारं माझ्यासमोर कधी कुणी बसलं नव्हतं.

टाकीसाठी दिवाण आतल्या खोलीत गेला. माझी पत्नी राजेश्वरी त्यावर एकच वाक्य बोलली. म्हणाली, ही पेटी रिकामी झाली की ज्वारी ठेवायला बरी पडेल. 'झाली तर' नाही, 'झाली की'. मी भाषेचा शिक्षक नसलो तरी फरक मला कळला.

घरातली गोष्ट घरातच राहिली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण स्टाफरूममध्ये मी दोन वाक्यं जास्त बोललो. आमचे मुख्याध्यापक उत्साही आहेत. डिसेंबरात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आमच्या शाळेत भरणार होतं. त्यांनी निमंत्रणपत्रिका छापायला टाकल्या आणि त्यांत जाड अक्षरात घातलं: 'विशेष आकर्षण – जिवंत प्रवाळांचा समुद्र. स्थळ – श्री. कलशेट्टी सर यांचे राहते घर. (टाकी हलवता येत नाही.)' मला हे कळलं तेव्हा पत्रिका सगळ्या शाळांना पोचल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात टाकीतलं नायट्रेट ऐंशीवर गेलं.

हे जरा समजावून सांगायला हवं. समुद्राच्या टाकीत सगळा खेळ दोन गोष्टींचा असतो, नायट्रेट आणि फॉस्फेट. मासे खातात, घाण करतात, उरलेलं अन्न कुजतं आणि त्यातून ही दोन तयार होतात. ती वाढली की हिरवं शेवाळ माजतं आणि प्रवाळांचा जीव घुसमटतो. अगदीच संपली की प्रवाळ उपाशी मरतात. म्हणजे आमटीतल्या मिठासारखं. नायट्रेट पाच ते दहाच्या मधे असावं, फॉस्फेट नावापुरतं. मोजायला एक छोटी पेटी मिळते. नळीत पाणी घ्यायचं, पूड टाकायची, हलवायचं आणि पाण्याला आलेला गुलाबी रंग छापील कार्डावरच्या रंगांशी जुळवायचा. माझ्या नळीतलं पाणी कार्डावरच्या शेवटच्या चौकोनापेक्षाही लाल झालं होतं. टाकीत शेवाळाच्या जटा लोंबत होत्या. टाळ्या वाजवणारा प्रवाळ आता एखाद्या कंटाळलेल्या प्रेक्षकासारखा अधूनमधूनच हात हलवत होता.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले यायला लागले. कुणी तुरटी फिरवायला सांगितली, कुणी कडुनिंबाचा पाला. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी तर टाकी गच्चीवर उन्हात वाळवून घ्या म्हणून सांगितलं. समुद्र वाळवून काय उरतं हे त्यांना मी नम्रपणे सांगितलं, तर ते म्हणाले, मग मीठ तरी घरात राहील.

मी मात्र शास्त्रीय पद्धतीनं गेलो. पहिला गुन्हेगार सापडला तो मीच. टाकीतलं पाणी उडून कमी झालं की मी बोअरचं पाणी घालत होतो, आणि आमच्या बोअरच्या पाण्याची तपासणी केली तर त्यातच नायट्रेट भरपूर निघालं. आजूबाजूच्या रानांत पडलेला युरिया कुठंतरी जाणारच. ते बंद करून मी घरच्या फिल्टरचं पाणी सुरू केलं. दुसरा गुन्हेगार चिमट्यानं दगड साफ करताना हाती लागला. दगडाच्या कपारीत कणकेच्या गोळ्या होत्या. सतरा. काही ताज्या, काही पुरातन.

आमच्या शेजारच्या कमलबाई रोज दुपारी राजेश्वरीशी बोलायला येतात. वय साठीच्या पुढं, आवाज चढा, मन फार मऊ. मी घुटमळत विचारलं, तर त्यांनी काहीही न लपवता सांगितलं.

"मुक्या जिवाला घास घालते मी, सर. त्यात काय चोरी हाय? तुम्ही चिमूटभर घालता, त्यानं त्यांचं पोट भरतंय का?"

त्यांना फॉस्फेट समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. त्या रडवेल्या झाल्या आणि राजेश्वरीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी फॉस्फेट तिथंच सोडून दिलं. विषय बदलावा म्हणून मी तपासणीची नळी त्यांच्यापुढं धरली आणि रंग कोणत्या चौकोनाशी जुळतो ते विचारलं. खरं तर मला स्वतःला चाळीस आणि ऐंशी यांतला फरक कधीच कळला नव्हता. माझ्या मते दोन्ही गुलाबी. कमलबाईंनी पदरानं डोळे पुसले, नळी खिडकीशी नेली आणि सांगितलं की हा राणी रंग आहे, कार्डावर शेवटी आहे तो डाळिंबी, त्याच्या अलीकडं गाजरी, आणि तुम्हाला पाहिजे म्हणता तो अबोली, तो अजून लई लांब आहे. चाळीस वर्षं ब्लाउजपीस जुळवलेली नजर होती ती. त्या दिवसापासून रंग वाचायचं काम त्यांच्याकडं गेलं आणि कणकेच्या गोळ्या त्यांनी आपणहून बंद केल्या. खात्याचं माणूस झाल्यावर नियम मोडता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

आकडा तरीही हलेना. मला तपासणीच्या पेटीचाच संशय आला. म्हणून मी पाण्याची बाटली घेऊन एका माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत गेलो. कोणती ते सांगत नाही, तिथल्या माणसांनी मला चहा पाजला आहे. तिथले कारकून सिद्धाराम यांनी अर्ज पुढं केला. गट नंबर लिहा. मी म्हणालो, गट नाही. मग सातबारा? तोही नाही. पिकाचं नाव? मी थोडा विचार करून 'प्रवाळ' लिहिलं. त्यांनी यादीत शोधलं, सापडलं नाही, म्हणून त्यांनी माझ्या संमतीनं 'फळबाग, इतर' केलं. पाण्याचा स्रोत या रकान्यात विहीर, बोअर, नदी, तलाव एवढेच पर्याय होते. सिद्धारामांनी चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाले, "समुद्रावर खूण करता येत नाही सर. आपल्या जिल्ह्यात तो नाही." शेवटी आम्ही विहिरीवर एकमत केलं.

आठ दिवसांनी अहवाल आला. नायट्रेटच्या रकान्यात आडवी रेघ होती, कारण फळबागेला ते तपासायची पद्धत नव्हती. खाली शेरा होता: 'सदर पाणी अत्यंत खारवट असून कोणत्याही पिकास देऊ नये. शेतकऱ्याने सदर विहिरीचा वापर त्वरित थांबवावा.' राजेश्वरीनं तो अहवाल टाकीच्या काचेवर चिकटवला. मी तो काढला नाही. माणसानं थोडा अपमान समोर ठेवावा, कामाला हुरूप येतो.

मग मी गुवाहाटीच्या इंजिनियरला फोन लावला. त्यानं एक उपाय सांगितला आणि मी फोन घेऊन गच्चीवर गेलो. टाकीत रोज थोडे थेंब व्होडका घालायची. पाण्यातले जिवाणू ती खाऊन वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट गिळतात, आणि टाकीमागचं फेस काढायचं यंत्र त्या जिवाणूंना बाहेर टाकतं. रसायनशास्त्र निर्दोष होतं. अडचण सामाजिक होती. आमच्या घरात चार पिढ्या कुणी दारूच्या बाटलीला हात लावलेला नाही. माझे वडील खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन प्यायचे.

मुरुममध्ये मला ओळखत नाही असा माणूस नाही, म्हणून मी उमरग्याला गेलो. डोक्यावरचं हेल्मेट काढायचं नाही, असं ठरवलं होतं. दुकानात रांग होती. माझा नंबर आल्यावर काउंटरमागच्या धिप्पाड माणसानं परवाना विचारला. माझ्याकडं नव्हता. एका दिवसाचा इथंच मिळतो, नाव सांगा, असं तो म्हणाला. मी नाव सांगितलं आणि तिथंच घात झाला. तो माणूस उठला, फळी वर करून बाहेर आला आणि सगळ्या रांगेसमोर माझ्या पाया पडला. इंद्रजित. अठ्ठ्याण्णवची बॅच, दुसरा बाक.

"सर, तुम्ही रांगेत का उभारलात?" तो कळवळून म्हणाला.

मग रांगेकडं वळून त्यानं सांगितलं की, आज मी जो काही आहे तो ह्या सरांमुळं. रांगेतल्या लोकांनी माझ्याकडं आदरानं पाहिलं. मी हेल्मेटची काच खाली ओढली. परवान्यावर छापलं होतं की ही वस्तू आरोग्य राखण्यासाठी हवी आहे. मी प्रामाणिकपणे म्हणालो, आरोग्य माशांचं राखायचं आहे. इंद्रजितनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "व्हय सर. कायतरी सांगावंच लागतंय." निघताना त्यानं शेंगदाण्याची पुडी आपल्याकडून दिली.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आवाज खाली आले. एका सहकाऱ्यानं मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं की, हा आजार आहे, यात लाज नसते. राजेश्वरीचा माझ्यावर विश्वास होता, पण तिनं बाटलीवर पेन्सिलनं रेघ मारली आणि रोज सिरिंजनं मी थेंब काढताना समोर उभी राहू लागली. तीन आठवडे हे चाललं. मग इंजिनियरचा निरोप आला: 'सर, सांगायचं राहिलं. साधं व्हिनेगरही चालतं.' तो निरोप मी कुणालाच दाखवला नाही. आज पहिल्यांदा सांगतो आहे.

पण उपाय लागू पडला. शेवाळ गळालं. राणीचा डाळिंबी झाला, डाळिंबीचा गाजरी, गाजरीचा अबोली. इथं थांबायचं होतं. पण परीक्षेत पोरगा नव्वदवर आला की आपण त्याला पंच्याण्णव मागतो, तसं माझं झालं. मी थेंब वाढवले. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी कमलबाईंनी नळी खिडकीशी धरली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "ह्यात काईच न्हाय सर. पांढरं फेक हाय."

शून्य. मी पेढे आणले. स्टाफरूममध्ये वाटले, गल्लीत वाटले. कुणी विचारलं कशाचे, तर नायट्रेट गेलं म्हणून सांगितलं. लोकांनी वेगळा अर्थ घेतला आणि दारू सुटल्याबद्दल माझं अभिनंदन केलं.

चार दिवसांनी प्रवाळ मिटले. पाणी काचेसारखं स्वच्छ, दगड धुतल्यासारखे, आणि त्यांवर फिकट, आकसलेले, मेणाच्या थेंबांसारखे जीव. तो टाळ्यांचा प्रवाळ मुठी आवळून बसला होता. प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं. टाकीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं की प्रवाळ मिटण्याची बारा कारणं असू शकतात. मी बाराही तपासत बसलो. खारेपणा, तापमान, दिवा. शाळेतून आलं की मी टाकीसमोर खुर्ची टाकायचो आणि राजेश्वरी चहा आणून ठेवायची. आता ती ज्वारीचं नाव काढत नव्हती. मला तेच जास्त लागलं. खरं सांगतो, पत्रिकेची लाज मला तेव्हा राहिली नव्हती. एवढ्या लांबून आणलेला जीव माझ्या हातून, माझ्याच विषयात, जात होता.

त्याच सुमारास माझे सासरे धोंडप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर विश्रांतीला आमच्याकडं आले. वय चौऱ्याहत्तर, तामलवाडीला तीन एकर द्राक्षं, शिक्षण चौथीपर्यंत. बोलणं मराठी, पण जिव्हाळ्याचं काही असलं की कानडीत शिरतात. काळा चष्मा लावून ते पहिले दोन दिवस टाकीकडं न बघता बसले. जावयाबद्दल त्यांच्या कानावर काय काय गेलं असेल याची मला कल्पना होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चष्मा थोडा वेळ काढायला परवानगी दिली. ते उठले आणि काचेला नाक लावून बराच वेळ उभे राहिले. नव्या डोळ्यानं त्यांना रंग फार लख्ख दिसत होते. मी शेजारी उभा राहून बारा कारणं सांगायला सुरुवात केली. चौथ्या कारणाला त्यांनी हात वर केला.

"जावईबापू, रोग न्हाय ह्याला. हसिवु लागलीय. भूक." त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "वेलाचं पान असं फिकं पडलं की आमी काय समजतो? नत्र संपलं. तुम्ही घासून पुसून सगळं काढून टाकलंय. ह्येनी खायाचं काय?"

 नत्र म्हणजे नायट्रोजन हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहितो आहे. शून्य आकडा समोर होता, फिकट रंग समोर होता, आणि मी पेढे वाटले होते.

धोंडप्पांनी पिशवी मागवली. पिशवीतून, बागेतून तशीच आलेली, खताची अर्धी पुडी निघाली. तेरा-शून्य-पंचेचाळीस. आकडे नत्र, स्फुरद आणि पालाशाचे; द्राक्षाला ठिबकमधून देतात ते पाण्यात विरघळणारं खत. मी पाकीट वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. पोटॅशियम नायट्रेट. शुद्ध, पांढरं, माझ्या शाळेच्या कपाटात बाटलीत असतं तेच. दुसऱ्या पुडीत शून्य-बावन्न-चौतीस होतं, म्हणजे फॉस्फेट. त्यांनी ओंजळ भरली आणि टाकीकडं निघाले. एकराला पाच किलो ह्या हिशेबानं थोडंच टाकतो म्हणाले.

इथं मात्र मी आडवा आलो. आयुष्यात प्रथमच सासऱ्यांचा हात धरला. मी त्यांना बसवलं, वही घेतली आणि तीनशे लिटरचं नायट्रेट पाचवर आणायला किती लागेल ते काढलं. उत्तर आलं अडीच ग्रॅम. फॉस्फेटचं तर इतकं कमी आलं की ते बाटलीभर पाण्यात विरघळवून चमच्यानं द्यावं लागणार होतं. धोंडप्पांनी वही उलटी करून पाहिली. मग विचारलं, असा हिशेब माझ्या बागेचा करून देता येईल का? मी म्हणालो, येईल. आमच्या सासरे-जावई संबंधात पंचवीस वर्षांत आलेला तो पहिला खरा संवाद होता.

शाळेच्या तराजूवर खत तोललं, व्होडका बंद केली आणि रोजचा क्रम ठरला. सकाळी धोंडप्पा प्रवाळांची तब्येत बघायचे, दुपारी कमलबाई रंग वाचायच्या, त्यावरून मी संध्याकाळची मात्रा काढायचो. पहिल्या आठवड्यात काही हललं नाही. कमलबाई रोज पांढरं सांगायच्या, जिभेवर अबोलीचं नाव घेऊन यायच्या आणि तसंच परत न्यायच्या. नवव्या दिवशी त्यांनी फिकट अबोली जाहीर केली. अकराव्या दिवशी मी शाळेतून आलो तर राजेश्वरी दारातच उभी होती. ती मनगट धरून मला आत घेऊन गेली. टाळ्यांच्या प्रवाळाचा एक हात उघडला होता. एकच. तो सावकाश मिटला आणि पुन्हा उघडला. आम्ही चौघं जेवायचं विसरून तिथं बसलो. रात्रीपर्यंत सात झाले. कमलबाईंनी मोजले.

सत्तावीस डिसेंबरला सगळा दगड हलत होता. हिरवे, जांभळे, मातकट गुलाबी, जे जे मिटलं होतं ते सगळं उमललं होतं. सकाळी नऊपासून माझ्या घरातून पोरांची रांग चालली. पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. भूमकडच्या ईट गावाहून आलेल्या एका पाहुण्या शिक्षकांनी तीनदा रांग लावली. गटशिक्षणाधिकारी बाई परीक्षण समिती घेऊन आल्या आणि काचेपाशी वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं की, हे पाण्याचं प्रमाण इथं, इतक्या लांब, तुम्ही सांभाळलं कसं? मी नायट्रोजन चक्राचा तक्ता तयार ठेवला होता. छडीही होती. पण धोंडप्पा खुर्चीतून उठले आणि बागेत आलेल्या पाहुण्याला सांगावं तसं सांगू लागले: जास्त दिलं तर माजतं, बंद केलं तर उपाशी मरतं, रोज तोंड बघून घास द्यायचा. कमलबाईंनी मधेच नळी दाखवून अबोली आणि गाजरी यांतला फरक समजावला. माझी छडी काखेतच राहिली.

पहिला क्रमांक आम्हाला मिळाला. पण बक्षीस समारंभाआधी कार्यालयात पेच पडला. घाईत आमची नोंद विद्यार्थी गटात झाली होती. प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याचं नाव, वय आणि मार्गदर्शकाचं नाव लागणार, नाहीतर क्रमांक रद्द. मुख्याध्यापकांनी सुचवलं की विद्यार्थी म्हणून नववीतल्या कुणाचंही नाव टाकू आणि मार्गदर्शक म्हणून तुमचं. सोपं होतं. नियमात बसत होतं. मी पेन घेतलं आणि अर्ज भरून दिला. मुख्याध्यापकांनी तो वाचला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वाचला. नियमात विद्यार्थ्याच्या वयाची मर्यादा लिहायची राहिली आहे, हे मी आधीच बघून ठेवलं होतं.

शाळेचं मैदान भरलं होतं. माझे आजचे विद्यार्थी पुढं, जुने मागं कुंपणाला टेकून, त्यांत पांढरा शर्ट घालून इंद्रजितही. ध्वनिक्षेपकावर नावं वाचली जाऊ लागली.

"प्रथम क्रमांक. मार्गदर्शक, श्री. धोंडप्पा, तामलवाडी. सहकारी, श्रीमती कमलबाई."

धोंडप्पा धोतर सावरत व्यासपीठाकडं निघाले, कमलबाई पदर खोचून त्यांच्या मागून. मग निवेदक जरा थांबला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि पुढं वाचलं.

"विद्यार्थी, कलशेट्टी. वय चौपन्न."

 मग दहावी ब च्या पोरांनी टाळ्या, शिट्ट्या आणि हातात सापडेल ते वाजवायला सुरुवात केली. एरवी मी त्यांना त्याबद्दल अंगठे धरून उभं केलं असतं. बायकांच्या रांगेत राजेश्वरी उभी राहिली होती आणि डोक्याच्या वर हात नेऊन टाळ्या वाजवत होती. वर व्यासपीठावरून धोंडप्पा चष्म्याआडून मला शोधत होते. मी उठलो, शर्ट नीट केला आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हजर."